मदत हवी आहे : टाटा मर्सिडीज ट्रक, रेस दिली की ऑइल प्रेशर पडतंय

नाकवाली१९६४
वडिलांची १९६४ ची टाटा मर्सिडीज आहे. दीड वर्ष खपून दुरुस्त केली. आता इंजिन सुरू केलं की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो, रेस दिली की आणखी खाली. तेल बरोबर आहे, फिल्टर नवा आहे. मिस्त्री म्हणतात इंजिन खोला. रविवारी वडिलांना घेऊन दिवे घाटाने सासवडला जायचंय, घरात सगळ्यांना सांगून झालंय. इंजिन न खोलता काय करता येईल? कृपया लवकर सांगा.

घाटमाथा
खाली म्हणजे किती? आकडे द्या. मीटर नळीचा (तेल थेट मीटरपर्यंत येणारा) आहे की वायरचा (विजेवर चालणारा)? इंजिन गार असताना किती दाखवतो, गरम झाल्यावर किती?

मार्केटयार्ड_रिटर्न
आकडे कशाला हवेत? रेस दिल्यावर प्रेशर पडतं म्हणजे चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळी चोंदलीय. स्लोवर (रेस न देता) पंपाला पुरेल एवढं तेल मिळतं, रेस दिली की मिळत नाही. जाळी साफ असेल तर मेन बेअरिंग बघा. आमच्या गाडीला असंच झालं होतं, मीटरच खराब असेल म्हणून चालवत राहिलो आणि खंबाटकीत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी हलवू नका.

जाड_तेल
कुठलं तेल घातलंय? जुन्या इंजिनात १५डब्ल्यू-४० पातळ पडतं. २०डब्ल्यू-५० घाला, काटा वर येईल.

मार्केटयार्ड_रिटर्न
@जाड_तेल, जाळी चोंदलेली असताना जाड तेल घातलं तर पंपाला तेल ओढणं अजून अवघड जाईल. ताप आलेल्याला गोधडी पांघरल्यासारखं आहे हे. असले सल्ले देऊ नका.

जाड_तेल
वीस वर्षं हेच तेल वापरतोय, एक बेअरिंग गेलं नाही.

नाकवाली१९६४
इंजिनातून ठोक्याचा आवाज अजिबात नाही. मला शंका मीटरची आहे, तेलाची नाही. मीटर वायरचा आहे. मूळ मीटर नळीचा होता, पण त्याची तांब्याची नळी मोडली म्हणून वायरमनने नाना पेठेतून नवा मीटर आणि युनिट (इंजिनावर बसणारा प्रेशरचा सेन्सर) आणून बसवलं. युनिट दोनदा बदललं, तरी तेच.

घाटमाथा
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. मीटर बदलल्यापासूनच हा त्रास आहे ना? आणि आकडे अजून दिले नाहीत.

टेफ्लॉन_नको
युनिटच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळलीय का? एका वायरच्या युनिटला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. टेप जाड झाली किंवा ब्लॉकला नवा रंग मारताना भोकाच्या कडेला रंग बसला की काटा वेड्यासारखा वागतो. तिथे घासून लख्ख करा.

पेठेतला
कागदपत्रांकडेही बघा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने नियम केलेत, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण ते दुचाकी-चारचाकीला, तेही खाजगी वापराच्या. ट्रकचं फिटनेस आरटीओत वेगळं बघावं लागेल.

नाकवाली१९६४
फिटनेस झालंय. टेप होती, काढली, ब्लॉकही घासला. काही फरक नाही.
आकडे घ्या. सकाळी गार इंजिन, जरा रेस दिली की १५ पाउंड. तासभर चालवून गरम झालं की स्लोवर ५५-६० दाखवतो, रेस दिली की ३० वर येतो. आता तरी सांगा.

घाटमाथा
गरम झाल्यावर प्रेशर वाढतं? असं कुठल्याही इंजिनात होत नाही. गार तेल जाड असतं म्हणून प्रेशर जास्त असतं, तापून पातळ झालं की उतरतं. तुमचा मीटर सगळंच उलटं सांगतोय.
आता एकच सांगा. चावी फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलं नाही, तेव्हा काटा कुठे असतो?

नाकवाली१९६४
तेव्हा तर फुल असतो, ८० वर. नव्या मीटरचा काटा चावी दिली की एकदा उडी मारतो असं वाटलं, म्हणून लिहिलं नाही.

घाटमाथा
इंजिन बंद असताना ८० पाउंड प्रेशर येईल कुठून? सापडलं. मीटर आणि युनिट दोन वेगळ्या पद्धतींचे आहेत.
अमेरिकन पद्धतीच्या युनिटला प्रेशर शून्य असताना साधारण २४० ओहम रोध असतो आणि फुल प्रेशरला ३३. जर्मन पद्धतीत बरोबर उलट, शून्याला १० आणि फुलला साधारण १८०. तुमचा मीटर पहिल्या जातीचा आणि युनिट दुसऱ्या जातीचं असणार. म्हणून खरं प्रेशर चढलं की काटा उतरतो. दुकानदाराने आटे जुळतात एवढंच बघून दिलं असेल, त्यामुळे तसलंच युनिट दहा वेळा बदललंत तरी हेच होणार.
खात्री करून घ्या. युनिटवरची वायर काढून मोकळी धरा, चावी द्या. काटा शून्यावर गेला आणि वायर बॉडीला टेकवल्यावर फुल झाला, तर मीटर अमेरिकन पद्धतीचा. मग वायर काढलेली ठेवून मल्टिमीटरने युनिटचा रोध आधी इंजिन बंद ठेवून मोजा, नंतर चालू करून.

नळीचा_भक्त
एवढी खटपट कशाला? मोडलेली नळी बदला आणि जुना मीटर परत लावा. बूर्दाँने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळी अजून जगभरच्या बॉयलरवर चालतेय. त्याला वायर नको, ओहम नको. तेल थेट मीटरपर्यंत येतं आणि प्रेशरने नळी उलगडली की काटा फिरतो. १९६४ च्या गाडीत तोच शोभतो.

टेफ्लॉन_नको
आणि नळी केबिनमध्ये फुटली की गरम तेल ड्रायव्हरच्या पायावर.

नळीचा_भक्त
इंजिनजवळ नळीला गोल वेटोळं ठेवलं तर थरथर खाऊन नळी मोडत नाही. यांची मोडली कारण कुणीतरी ती सरळ ताणून बसवली असणार.

जुना_क्लीनर
विषय निघालाच म्हणून. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा, १९६९ ला संपला आणि बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटाचा टी आला. तुमच्या गाडीवर तारा आहे का? असेल तर फोटो टाका. मी पुणे-सातारा याच गाडीवर क्लीनर होतो.

नाकवाली१९६४
@जुना_क्लीनर, तारा मूळचाच आहे, फोटो टाकतो.
@घाटमाथा, वायर मोकळी धरली की काटा शून्य, बॉडीला टेकवली की फुल. युनिट इंजिन बंद असताना ११ ओहम, गार इंजिनाला रेस दिल्यावर १७० च्या आसपास. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. पण मग खरं प्रेशर किती आहे?

घाटमाथा
ते नळीच्याच मीटरने मोजा. युनिट काढून त्याच भोकात मिस्त्रींचा टेस्टिंग मीटर लावा. गरम स्लोवर एक किलो आणि रेसवर तीन-साडेतीन मिळालं तर निर्धास्त जा. एका किलोला साधारण १४ पाउंड धरा. कमी आलं तर मार्केटयार्ड_रिटर्न म्हणतात तसा चेंबर उघडावाच लागेल, तिथे मीटरला दोष देऊन चालणार नाही.

नाकवाली१९६४
शनिवार रात्र. टेस्टिंग मीटर लावला. गार स्लोवर साडेतीन किलो, गरम स्लोवर १.२, रेसवर ३.८. मिस्त्रींनी स्वतः दोनदा बघितलं. मग युनिट तेच ठेवलं आणि नाना पेठेतून त्याच्या जोडीचा ०-५ बारचा (एक बार म्हणजे जवळपास एक किलो) मीटर आणला. आता चावी दिली की काटा शून्यावर, इंजिन लागलं की वर. वडिलांनी केबिनमध्ये बसून तीन वेळा चालू-बंद करून बघितलं.

मार्केटयार्ड_रिटर्न
प्रेशर चांगलं आहे हे वाचून बरं वाटलं. तरी गाडी किती वर्षं उभी होती ते तुम्ही सांगितलं नाहीत. चेंबरमध्ये गाळ असणारच.

नाकवाली१९६४
अकरा वर्षं. सोमवारी चेंबर उतरवतो. जाळी कशी निघते ते सांगून ठेवा.