यामाहा आरएक्स १३५ बाइकचं रेसिंग इंजिन तिसऱ्यांदा पकडलं, मदत करा राजेहो

नमस्कार मंडळी, आर्वीकडे राहतो, शेती आहे अन् सोबत टू-स्ट्रोकचं वेड. गाडी फक्त कच्च्या ट्रॅकसाठी बांधली, ब्लॉकचं पोर्टिंग (आतले वायूमार्ग घासून मोठे), २८ मिमीचा कार्बोरेटर, एक्सपान्शन चेंबर (रेसिंगचा सायलेन्सर), तेल आपोआप सोडणारा ऑटोलूब पंप काढून टाकला, तेल पेट्रोलमध्येच मिसळतो, लिटरला ४० मिली. डिसेंबरपासून तीनदा सीझ झालं, म्हणजे पिस्टन आतच जाम. दरवेळी लांब सरळ संपते तिथंच, रेस सोडली की मागचं चाक जाम. नशीब क्लचवर बोट असते.

जो तो एकच सांगून राहिला, तेल कमी पडलं भाऊ. मले नाही पटत. पिस्टन काढून पाह्यला तं तीनही वेळा ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूनं, कार्बोरेटरची बाजू एकदम चकाचक. तेल कमी असतं तर तिकडंही घासलं असतं ना? चारही कोपरे धरले असते तर म्हटलं असतं लेथवाल्यानं बोअर टाइट ठेवला, पण ०.०६ मिमी गॅप मी स्वतः समोर उभा राहून मोजून घेतला. प्लग पांढराफटक. म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त अन् पेट्रोल कमी.

पहिल्यांदा वाटलं चूक आपलीच. मेन जेट (कार्बोरेटरचं पेट्रोल सोडणारं भोक) मे महिन्यात ४५ डिग्रीत सेट केला होता अन् पकडलं डिसेंबरच्या सकाळी, थंड हवा जड, पेट्रोल कमी पडणारच, त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं. जेट मोठा केला, ०.२५ चा पिस्टन टाकला. जानेवारीत पुन्हा. आणखी मोठा जेट, ०.५० चा पिस्टन, फेब्रुवारीत भर दुपारी पुन्हा! शंकरपटाच्या बैलजोडीले लागत नसंल एवढा खुराक या ब्लॉकनं खाल्ला, घरी तं विषय काढायचीच सोय नाही.

आता ध्यानात आलं ते असं की इंजिन गरम झाल्यावर रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच राहतो. कुठून तरी हवा ओढून राहिलं. मॅनिफोल्ड अन् खालच्या गॅस्केटवर स्प्रे मारून पाह्यला, काही फरक नाही. गिअरचं तेल कमी होत नाही, पांढरा धूरही नाही, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांच्या सीलांपैकी क्लचकडचं ठीक दिसते. राह्यलं मॅग्नेटकडचं. तीनदा हाफ इंजिनचं (वरच्या पिस्टन-ब्लॉकचं) काम केलं पण क्रँकले हातच लावला नाही, तोच मूर्खपणा झाला बहुतेक.

लीक टेस्टचं (हवा भरून गळती पाहायचं) किट इकडं कोणाकडंच नाही. विचार असा आहे की एक्झॉस्ट अन् मॅनिफोल्ड रबरी बूच लावून बंद करायचं, पिस्टन खाली आणायचा अन् प्लगच्या भोकातून बीपी मशीनच्या फुग्यानं हवा भरायची, काटा ३०० वर म्हणजे जवळपास ६ पीएसआय होते. कोणी केलं का असं? काटा किती मिनिटं टिकला पाहिजे? साबणाचं पाणी मॅग्नेटमागं मारलं तर बुडबुडे दिसतील का?

अन् एक, मॅग्नेट धरून वर-खाली हलवला तं केसभर खेळ लागते हाताले. मग नुसतं सील बदलून चालंल का बेअरिंगसाठी केस उघडावीच लागंल?