न्यायाधीश वाढवल्याने खटले लवकर निकाली निघतील का?

प्रश्न: विधी आयोगाने १९८७ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीशांची शिफारस केली, आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. पण केवळ पदे वाढवून तारखांचे चक्र थांबेल का?

उत्तर १: पूर्ण थांबणार नाही, पण वेग निश्चित वाढेल. माझ्या काकांच्या दिवाणी दाव्यात साक्षीदार सकाळपासून बाकावर बसून राहत आणि बोर्डावरची (त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीतली) प्रकरणे एकट्या न्यायाधीशांना न आवरल्यामुळे उलटतपासणी न होताच पुढची तारीख घेऊन परतत. हे मी स्वतः पाहिले आहे.

उत्तर २: सहमत. मात्र मंजूर पदेच रिक्त राहतात, ती आधी भरावीत, आणि प्रत्येक नव्या न्यायाधीशासोबत लघुलेखक, समन्स बजावणारा बेलीफ व न्यायदालनही मिळावे.