काँट्राला ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणणाऱ्यांनी तो हल्ली खेळून पाहिलाय का?

रामबागवाला: काल शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने भलीमोठी पोस्ट टाकली: ‘आजचे गेम म्हणजे नुसता चकचकाट. काँट्रा, मारिओ या जुन्या टीव्हीवरच्या गेममध्ये जीव होता. आता तसे गेम होणे नाही.’ खाली बदामांचा पाऊस. मला राहवलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या महिन्यात पुतण्याला काँट्रा लावून दिला. तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्यात तो तीनदा मेला आणि उठून गेला. पोरगं नाजूक नाही, अवघड अवघड नवे गेम संपवतं. ‘काका, एक गोळी लागली की मरायचं आणि शेवटी पहिल्यापासून सुरू करायचं, यात मजा काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, जागाच नसायची. अख्खा सुपर मारिओ ४० केबीचा, सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून जड असतो. गेम एवढासा, म्हणून खेळणाऱ्याला मारून मारून तो लांबवायचा. हात बसलेला माणूस काँट्रा अर्ध्या तासात उडवतो. आणि आपण सगळे तो ३० लाइफ घेऊनच खेळलो, सुरुवातीला वर-वर-खाली-खाली अशी बटणं दाबून. ती युक्तीही मुळात ग्रेडियस नावाच्या गेमच्या वेळची, १९८६ ची. गेम बनवणाऱ्यालाच तो तपासताना झेपेना, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी घातली होती.

आवडत होता तो गेम नाही. आवडत होती मे महिन्याची सुट्टी, आतेभावंडं आणि आईने दिलेली एक तासाची मुदत.

घोडेस्वार९९: काँट्रावर सगळ्यांना मोजू नका. राज्यं उभारून लढायचा एज ऑफ एम्पायर्स २ आला १९९९ मध्ये. आजही त्याच्या बक्षिसांच्या स्पर्धा होतात, त्यात तो आला तेव्हा जन्मलेलीही नसलेली पोरं उतरतात. त्यांना कसली आलीय मे महिन्याची सुट्टी?

रामबागवाला: तो गेम कुणी १९९९ चा ठेवलाय? २०१३ मध्ये एचडी, २०१९ मध्ये पुन्हा नवा रंगरोगण, २०२२ मध्ये खेळायला बंगाली, द्रविड, गुर्जर ही राज्यं घातली. वीस वर्षं दुरुस्ती केलेल्या वाड्याला ‘जुनं बांधकाम बघा’ म्हणताय.

घोडेस्वार९९: पाया भक्कम असेल तरच दुरुस्ती टिकते. २०२१ मध्ये व्हाइस सिटी या जुन्या गेमला चकाचक करायला गेले, तर पाऊस असा पाडला की रस्ता दिसेना. कंपनीला माफी मागावी लागली. मग नवं करणं एवढं सोपं आहे का, हे सांगा.

सेव_जास्त: तुम्ही दोघं पुस्तकी बोलताय. आयजीआय हा बंदुकीचा गेम घ्या. मिशनच्या मधे सेव्हच नाही! आमच्याकडे २००२-०३ मध्ये लाइट कधी जाईल नेम नसायचा. शेवटच्या गार्डपर्यंत पोचायचं आणि इंदूरच्या अख्ख्या सुदामानगरात अंधार. २००३ च्या मध्य प्रदेशच्या निवडणुकीत लोक ‘बिजली, सडक, पानी’वर मत द्यायला निघाले, तेव्हा माझी तक्रार वेगळीच होती. तरी सांगतो, तसा थरार पुन्हा नाही.

रामबागवाला: थरार वीज मंडळाचा होता. गेमचा नव्हे.

मोठीताई: आमच्याकडे तर लाइट असूनही खेळता यायचं नाही. बाबा म्हणत, ‘गेमने पिक्चर ट्यूब जाते.’ कोणाची खरंच गेली होती का?

सेव_जास्त: आमची गेली. मार मी खाल्ला, खेळला होता भाऊ.

घोडेस्वार९९: साफ खोटं. आई-वडिलांनी एकमेकांना विचारून पसरवलेली अफवा.

जेलरोड_दुरुस्ती: अफवा म्हणण्याआधी ज्याने ट्यूबा बदलल्यात त्याला विचारा. तासभर काँट्रा खेळून ट्यूब उडत नाही, चित्र हलतं असतं. पण एकच चित्र तासन्‌तास, ब्राइटनेस फुल ठेवून लावलं की आतला फॉस्फर तेवढ्याच जागी झिजतो आणि डाग कायमचा बसतो. पॅकमॅन या गेमची जुनी यंत्रं बघा, बंद पडद्यावरही भुलभुलैया दिसतो. गेम पॉजवर ठेवून जेवायला जाणारी पोरं असत, त्यांचे वडील चूक नव्हते. माझ्याकडे मात्र बहुतेक टीव्ही वेगळ्याच कारणाने यायचे. अँटेनाची वायर काढ, गेमची लाव, पुन्हा अँटेना लाव. सॉकेटचा टाका सुटायचा.

मोठीताई: म्हणजे बाबांनी आम्हाला उगाच उल्लू बनवलं?

जेलरोड_दुरुस्ती: ताई, हप्त्यावर घेतलेला टीव्ही होता. तुम्हीही तेच केलं असतं.

सेव_जास्त: काका, बदकं मारायच्या जुन्या गेमची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही? एका दुकानदाराने ‘चलेगी भिया’ म्हणून दिली. एक बदक पडेल तर शपथ. गेममधला कुत्रा मात्र मनसोक्त हसतो. पैसे परत मागितले तर तोही हसला.

जेलरोड_दुरुस्ती: घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतून काही सुटत नाही, ती फक्त तो उजेड बघते. जुना टीव्ही चित्र तत्काळ दाखवायचा, सपाट टीव्ही थोडं थांबून दाखवतो. तेवढ्यात बंदुकीने ‘नेम चुकला’ ठरवलेलं असतं. आणि रामबागवाले, तुमच्यासाठी: जुन्या गेमची चित्रं काढणाऱ्यांनी जुन्या ट्यूबचा धूसरपणा धरूनच काढली होती. पुतण्याला चौकोनी ठोकळे दिसले, तुम्हाला लहानपणी ते दिसत नव्हते.

घोडेस्वार९९: घ्या! म्हणजे गेम तेव्हा खरोखरच जास्त देखणे होते.

रामबागवाला: बरं बाबा, होते. पडदा धूसर असला की सगळेच देखणे दिसतात, तुझा दहावीचा फोटोही. धबधब्याचं काय? वरचा भिडू पुढे चढला की पडदा सरकतो आणि खालचा फुकट मरतो. तेही ट्यूबमुळे?

मोठीताई: ते भिडूमुळे. तू कायम पुढे पळायचास. मी तुझी आतेबहीणच आहे, ओळखलं नाहीस वाटतं.

रामबागवाला: ताई, तू स्प्रेड गन, ती गोळ्या पसरून मारणारी, आधी उचलायचीस ते नाही सांगत!

अ‍ॅडमिन: घरची भांडणं घरी. पिक्चर ट्यूबसाठी वेगळा धागा काढा.

जेलरोड_दुरुस्ती: काढतो. तोवर कोणी माळ्यावरचा टीव्ही उतरवून मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो, फटका जोरात बसतो.

सेव_जास्त: काका, आमच्या माळ्यावर एकवीस इंची आहे. बंदूक पण आहेच. बघायला येण्याचं काय घ्याल?