लंडनच्या ऑल सेंट्स चर्चला दगड सोडून विटा का?

मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स पाहिलं, वास्तुविशारद विल्यम बटरफील्डचं. लाल भिंतीत काळ्या विटांचे पट्टे, नागमोडी नक्षी. गॉथिक (टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली) म्हणजे दगड अशी माझी समजूत, मग इथे वीट का, पैसे कमी पडले का?

– छे, खर्च ७०,००० पौंडांच्या घरात गेला! १८५० ला धर्मशास्त्रज्ञ एडवर्ड प्यूसींनी कोनशिला बसवली आणि १८५९ ला चर्चचा अर्पणविधी झाला. चर्चच्या बांधणीचा अभ्यास करणाऱ्या एक्लिझिऑलॉजिकल सोसायटीला आदर्श चर्च उभं करून दाखवायचं होतं आणि शहरात वीटही तितकीच मानाची हे बटरफील्डला सिद्ध करायचं होतं, म्हणून रंग वरून लावलेला नाही, बांधकामातच आहे. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

– जागा किती चिंचोळी ते पाहिलंत ना? पुढे छोटं अंगण, दोन्ही बाजूंना घरं, आणि त्यातून २२७ फुटांचा मनोरा. मागे इमारती चिकटलेल्या म्हणून पूर्वेला, वेदीमागे, खिडकीच नाही, तिथे चित्रकार विल्यम डाइसनी चित्रं काढली, ती खराब झाली तेव्हा १९०९ मध्ये वास्तुविशारद निनियन कॉम्परनी लाकडी फळ्यांवर पुन्हा रंगवली. परत गेलात तर उत्तरेच्या भिंतीवरच्या टाइल्स जवळून बघा, घाई करू नका.