ठाण्यात जाण्याआधी आपण 'ओळख' का शोधतो?

(एका ऑनलाइन चर्चेतला धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

दोन प्रसंग सांगतो. दोन्ही माझ्याच घरचे, एकाच पोलीस ठाण्यातले, मध्ये जेमतेम पाच महिने.

वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. एका संध्याकाळी दार उघडं राहिलं आणि ते निघून गेले. मी ठाण्यात पोचलो तेव्हा हात थरथरत होते, फोनमध्ये त्यांचा धड एक फोटो सापडेना. ठाणे अंमलदारांनी आधी पाणी दिलं. 'चोवीस तास वाट बघा' असं काहीही ते म्हणाले नाहीत. फोटो लगेच गस्तीवरच्या सगळ्यांना गेला. पहाटे पावणेतीनला एका हवालदारांचा फोन आला. बाबा एसटी स्थानकामागच्या बाकावर होते. मी गेलो तर हवालदार त्यांच्याशेजारी बसलेले, स्वतःचं जर्किन बाबांच्या अंगावर घातलेलं. बाबा त्यांना आपले जुने हेडमास्तर समजून सहलीच्या पैशांचा हिशेब देत होते आणि ते गंभीरपणे 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत होते. हा माणूस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पाच महिन्यांनी बसमध्ये चढताना माझ्या खिशातला फोन काढला गेला. काढणारा मला पाठमोरा दिसला. त्याच ठाण्यात गेलो. 'चोरी नको, गहाळ लिहा, दाखला लगेच मिळेल.' मी चोरी म्हणत राहिलो, समोरचे 'कोर्टाचे हेलपाटे तुम्हालाच पडतील' म्हणत राहिले. दीड तासाने मी 'गहाळ झाला' या वाक्याखाली सही केली. ती खोटी सही अजून टोचते.

घरी आल्यावर मेहुणे म्हणाले, 'आधी सांगायचंस ना, तिथे आपल्या ओळखीचे आहेत.' आणि तेव्हा मला त्या पहिल्या रात्रीची एक गोष्ट आठवली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. वडील नाहीत हे कळल्यावर मी थेट ठाण्यात गेलो नव्हतो. आधी तीन जणांना फोन केले होते: 'ठाण्यात कुणी ओळखीचं आहे का?' त्यात चाळीस मिनिटं गेली. वडील रस्त्यावर होते आणि मी ओळख शोधत होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली कृतज्ञता माणसावर असते आणि अविश्वास ठाण्याच्या दारावर. आत कोण भेटेल हे नशिबावर अवलंबून आहे असं आपण धरून चालतो. तुम्ही कुणाचीही ओळख न काढता ठाण्याची पायरी चढता का?

लाइनीतली मुलगी

मी पोलीस लाइनीत वाढले. बाबा शिपाई म्हणून भरती झाले, चौतीस वर्षांनी सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. विसर्जनाच्या दिवशी ते घरी आहेत असं एकही वर्ष मला आठवत नाही. शाळेत मुलं मला 'पांडूची पोरगी' म्हणायची, आणि त्याच मुलांच्या घरी भांडण झालं की त्यांच्या आया रात्री आमचं दार वाजवायच्या.

दादा, तुमच्या सहीबद्दल वाईट वाटलं. पण 'गहाळ लिहा' कुठून येतं ते सांगते, कारण ते मी घरात जेवताना ऐकलेलं आहे. महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये प्रत्येक ठाण्याच्या प्रभारींना उभं करून विचारतात: गुन्हे वाढले का, किती उघडकीस आले? मोबाइलचा गुन्हा नोंदवला की दाखल गुन्ह्यांत एक वाढतो, आणि फोन सापडण्याची शक्यता कमी, म्हणजे उघडकीचं प्रमाण घसरतं. प्रभारींना खडसावलं जातं, ते ठाणे अंमलदाराला खडसावतात, आणि अंमलदाराच्या टेबलासमोर तुम्ही बसलेले असता. वर्तमानपत्रात 'शहरात चोऱ्या वाढल्या' असं छापून आलं की आरडाओरडा आपणच करतो. प्रत्येक तक्रार प्रामाणिकपणे नोंदवणारं ठाणं आपल्याला 'गुन्हेगारी वाढलेलं' ठाणं वाटतं.

आणि तास. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायानेच मांडलेल्या कल्पनेवरून. म्हणजे तोवर आठ तास काम करणं हा प्रयोगाचा विषय होता! बारा-चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करताना हे लक्षात ठेवा.

जुनी पाने

पोलिसांच्या अशा वागण्याचं मूळ १८६१ च्या पोलीस कायद्यात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी केलेला कायदा, नमुना आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा. रयतेची सेवा हा हेतूच नव्हता, रयतेला धाकात ठेवायचं होतं. तोच कायदा आजही आपल्या मानगुटीवर आहे.

साक्षीपुरावा

एक दुरुस्ती. महाराष्ट्राला १८६१ चा कायदा लागू नाही. आपल्याकडे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आहे, आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आपणच केलेला कायदा. इंग्रजांवर ढकलून आपली सुटका होत नाही.

आता ताईंना. मी फौजदारी वकिली करते. क्राइम मीटिंगचं तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं आहे. पण ते कारण झालं, समर्थन नव्हे. ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायचीच आहे, आणि नोंदीची प्रत फुकट द्यायची आहे. काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, हे खरं. पण 'चोरीचं गहाळ करा' असं त्या कलमात कुठेही नाही. ठाण्याने नकार दिला तर अधीक्षकांकडे लेखी तक्रार, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी.

आणि लोकांच्या अविश्वासाला तुम्ही कृतघ्नपणा समजू नका. खुद्द कायदा पोलिसांवर विश्वास ठेवत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि २०२३ च्या साक्ष अधिनियमातही तसंच ठेवलं आहे. मकोकासारख्या विशेष कायद्यांतले अपवाद सोडले, तर इतक्या वर्षांत एकाही सरकारला ते काढून टाकण्याचं धाडस झालं नाही, कारण कोठडीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ साली सांगलीत कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला, आणि त्या गुन्ह्यात अटक झाली ती पोलिसांनाच. १९७२ साली देसाईगंज ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि आरोपी पोलीस शेवटी सर्वोच्च न्यायालयातून सुटले. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. मी माझ्या बाई अशिलांना एकटीने ठाण्यात जायला सांगू शकत नाही. सांगावंसं फार वाटतं.

रातपाळी

सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. महामार्गावरच्या अपघाताची बेवारस माणसं आमच्याकडे पोलीसच आणतात. नातेवाईक येईपर्यंत शिपाई स्ट्रेचरपाशी उभा असतो, कपड्यांवर रक्त वाळलेलं असतं. कित्येकदा नातेवाईक आल्याबरोबर पहिला प्रश्न करतात, 'खिशातले पैसे कुठे गेले?' त्या वेळी त्या शिपायाच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवत नाही. बाकी कायद्याचं मला कळत नाही.

लाइनीतली मुलगी

रातपाळीताई, आभार. हेच मला म्हणायचं होतं आणि नीट जमलं नव्हतं.

साक्षीपुरावाताई, सांगली मला माहीत आहे. त्या बातम्या आल्या तेव्हा बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण ज्या दलात ते घडलं त्याच दलात तुकाराम ओंबळेही होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. मुंबईतल्या डी. एन. नगर ठाण्याचे राजेंद्र भोसले आठवतात का? २००८ पासूनच्या सात वर्षांत हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ त्यांच्या पथकाने शोधल्या. राहिलेल्या एकीचा फोटो ते निवृत्तीनंतरही खिशात घेऊन फिरत होते. २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, ती सापडली. अशा माणसाला 'नशिबाने भेटलेला चांगला पोलीस' म्हणायचं आणि वाईट भेटला की 'पोलीस असेच असतात' म्हणायचं. हा हिशेब मला मान्य नाही.

साक्षीपुरावा

मला त्या १६६ व्या मुलीच्या गोष्टीतला एक तपशील छळतो. निवृत्तीनंतरही. म्हणजे तिला शोधणं ही एका माणसाच्या मनाची टोचणी होती. ते कुणाच्या तरी टेबलावरचं रोजचं काम का नव्हतं? भोसल्यांपुढे मी हात जोडते, पण त्यांच्यानंतर कोण, हे विचारणारच.

याच प्रश्नासाठी प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले गृहस्थ १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, आदेश आले: तपासाचे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा, बदल्या राजकारण्यांच्या हातातून काढा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्रानेही २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून प्राधिकरणाची तरतूद केली. इथे वाचणाऱ्यांपैकी किती जणांना असं प्राधिकरण असल्याचं माहीत होतं? तुमच्या बाबांचा फायदाही त्यातच होता, ताई. बंदोबस्तातून सुटलेला माणूस तपास करू शकला असता.

लाइनीतली मुलगी

हे मात्र बाबाही म्हणायचे. गुन्ह्याचे कागद तसेच ठेवून मंत्र्यांच्या दौऱ्याला जावं लागायचं. मग फिर्यादी येऊन विचारायचा, 'साहेब, काय झालं माझ्या केसचं?' आणि ते नजर चुकवायचे. एवढं मान्य.

फळा आणि खडू

मी पारधी मुलांच्या निवासी शाळेत शिकवतो. वर ओळखीचं चाललंय ते वाचून काही सांगावंसं वाटलं.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींत जन्माला आलेलं मूलच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. कागदावर. आमच्या भागात आजही घरफोडी झाली की पहिली गाडी पालांवर येते. रस्त्यावर नुसती पोलीस जीप दिसली तरी आमची लहान मुलं खेळ टाकून शेतात पळतात. कुणी शिकवलेलं नाही त्यांना, आजोबांचं पळणं त्यांच्या पायांत आलंय. उंबरठादादा, तुम्हाला आत कोण भेटेल हे माहीत नसतं. या लोकांना नक्की माहीत असतं, म्हणून ते जातच नाहीत. मागच्या वर्षी एका बाईची शेळ्यांची जोडी चोरीला गेली. तक्रार द्या म्हणालो तर ती म्हणाली, 'सर, मी चोरीचं बोलायला गेले तर मलाच ठेवतील.'

आता दुसरी बाजू. माझा एक विद्यार्थी तीन वर्षं पहाटे उठून सोळाशे मीटर धावत होता. पोलीस भरतीसाठी. त्याच्या बापाने सहा महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी विचारलं, 'बाळा, पोलीसच का?' तो म्हणाला, 'आमच्या पालावर जी गाडी येईल त्यात एक तरी माणूस आम्हाला नावाने ओळखणारा पाहिजे.' या महिन्यात निवड यादीत त्याचं नाव आलं. त्या दिवशी बाप पहिल्यांदा शाळेत आला आणि फाटकापाशीच उभा राहून रडला.

उंबरठा

सर, तुमचं वाचून मी माझ्या प्रश्नाकडे परत बघतोय. 'ओळख काढता का' हे विचारू शकणारा माणूस मुळात ओळख असलेलाच असतो, हे मला लिहिताना सुचलं नव्हतं. माझी ओळख शोधण्याची चाळीस मिनिटं ही भीती होती, पण ती सवयीची, सुखवस्तू भीती होती.

साक्षीपुरावाताई, तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे लेखी अर्ज तयार केलाय: चोरीच आहे, गहाळ नाही, माझी आधीची सही चुकीची होती. सोमवारी देतोय. पोच घेईन. त्या हवालदारांनाही भेटून येईन, बाबांची खुशाली ते अजून विचारतात.

फळा आणि खडू

त्या मुलाचं एक राहिलं. त्याला चारित्र्य पडताळणीसाठी ठाण्यात बोलावलंय. गावचंच ठाणं, ज्याची गाडी पालावर यायची. काल संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'सर, ठाण्यात कुणी ओळखीचं आहे का?'

लाइनीतली मुलगी

सर, तालुका कळवा. त्या भागात बाबांचे एक बॅचमेट आहेत. नंबर पाठवू?

फळा आणि खडू

नको म्हणावंसं वाटतंय. पण पाठवा.