साताऱ्याला नातवंडांना घेऊन गाईडबरोबर एक दिवस: मुलांना किती सांगावं?

विश्रामबागची आजी

नमस्कार. मी सांगलीची, प्राथमिक शाळेतनं निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत नातू (सातवी) आणि नात (पाचवी) यांना घेऊन एक दिवस साताऱ्याला जायचं ठरवलंय. ओळखीतनं एक गाईड मिळालेत. टेकडीवरचं चार भिंती स्मारक, गेंडामाळ, बाबासाहेब आंबेडकर शिकले ती राजवाड्यातली शाळा, दुपारी संगम माहुली आणि संध्याकाळी परत.

फोनवर त्यांना विचारलं, गेंडामाळावर काय सांगता? म्हणाले, "लहान मुलं आहेत, तिथं नमस्कार करून पुढं जाऊ." तेव्हापासून मनात घोळतंय. वर्गात १८५७ शिकवताना मीही 'अनेकांनी बलिदान दिलं' एवढं म्हणून पान उलटत आले. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात याच गेंडामाळावर इंग्रजांनी १७ जणांना मारलं, पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी देऊन आणि सहा जणांना गोळ्या घालून, हे मी निवृत्तीनंतर वाचलं. सांगली-साताऱ्यात जन्म गेला आणि हे ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

पण नात हळवी आहे. दारात मांजराचं पिल्लू मेलं तर दोन दिवस नीट जेवली नव्हती. तिला तोफेचं सांगावं का? की गाईड म्हणतात तेच बरोबर?

अजिंक्यताऱ्याखालचा

आजी, मी साताऱ्यातलाच. चार भिंतीला सकाळीच जा, चढ आहे आणि ऊन लागतं. संध्याकाळी तिथं हवा खायला गर्दी असते, बोलणं ऐकू येत नाही.

माझ्या पोरीला नेलं तेव्हा मी रंगो बापूजींपासून सुरुवात केली. १८३९ ला इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १४ वर्षं तिथं दाद मागत राहिले. तेवढ्यात महाराज काशीतच वारले, १८४८ ला दत्तक नामंजूर करून राज्यही खालसा झालं. रंगो बापूजी रिकाम्या हातानं परतले, आणि मग उठावाची जुळवाजुळव. त्या १७ जणांत त्यांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

एवढं सांगून झाल्यावर पोरीनंच विचारलं, "मुलाला कसं मारलं?" मग मी खरं तेच सांगितलं. ती रडली नाही, पण घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही तिनं.

आणि सुट्टीत शाळा बंद असेल. आतनं बघायची असेल तर चालू दिवसात या आणि मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या.

कृष्णाकाठ

काकू, माहुलीला गाईडवर लक्ष ठेवा. आमच्या गटाला जे घेऊन गेले होते त्यांनी थोरल्या शाहू महाराजांच्या (शिवाजी महाराजांचे नातू) खंड्या कुत्र्याच्या समाधीपाशी चांगली पंधरा मिनिटं घेतली. वाघाची गोष्ट, कुत्र्याचा मान, सगळं रंगवून. आणि सकवारबाई राणीसाहेबांबद्दल एकच वाक्य, "त्या पतीबरोबर सती गेल्या, थोर पतिव्रता."

१७४९ च्या डिसेंबरात महाराज गेले तेव्हा दरबारात सत्तेची ओढाताण चालू होती. सकवारबाई पेशव्यांच्या विरोधातल्या. त्यांना डिवचून, भावालाही पुढं करून सती जायला भाग पाडलं, असं साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं लिहून ठेवलंय. मी त्या घाटावर उभी राहून गाईडना हे विचारलं तर म्हणाले, "ताई, असले विषय नकोत, लोक नाराज होतात." मला त्या दिवसाचं अजून खुपतं. मी पुढं बोलायला हवं होतं.

तुमच्या नातीला हे जरूर सांगा. मुलगी आहे म्हणून तर सांगाच.

मसूरवाला

रेल्वेनं येणार असाल तर वाटेत मसूर लागेल. तिथं फलकाशिवाय बघण्यासारखं काही नाही, तरी मुलांना खिडकीशी बसवा.

१९०१ साली साताऱ्याहून चार मुलं वडिलांना भेटायला निघाली. त्यातला भीमराव दहा वर्षांचा, तुमच्या नातीएवढा. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. पोरं पाडळीला गाडीत बसून मसूरला उतरली. कपडे चांगले बघून स्टेशनमास्तरनं चौकशी केली, आणि जात कळताच तो मागं सरला. एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट पैसे देऊन बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानानं पायी चालायचं असं ठरलं. डबा होता, पण पाणी कुणी दिलं नाही. ती उपाशीच झोपली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसायचं आणि शिपाई नसेल तर पाणी नाही, हेही.

७ नोव्हेंबर १९०० ला ते प्रतापसिंह हायस्कूलात दाखल झाले. राजवाड्यापुढं गाईड हा दाखल्याचा दिवस अभिमानानं सांगतात आणि सांगायलाच हवा. गोणपाटाचं तुम्ही सांगा.

विश्रामबागची आजी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टीची वाट न बघता परवाच्या शनिवारी जाऊन आलो. शाळा बाहेरूनच पाहिली, पत्र द्यायचं माझ्याकडून राहिलं.

गाईडना आदल्या रात्री फोन करून सांगितलं, गेंडामाळावर अर्धा तास हवा आणि सगळं सांगायचं. भला माणूस, तयार झाले. नातू तोफेचं ऐकून गप्प झाला. नातीनं विचारलं, "सतरा जणांची नावं काय?" गाईडनी खिशातनं डायरी काढली आणि ती वहीत उतरवायला लागली. नऊ नावं झाली आणि रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली, माहुलीला उशीर होत होता.

परतताना मसूर अंधारात गेलं. ती खिडकीशीच होती, पण वही उघडून. उरलेली आठ नावं कुणाकडे असतील तर इथं लिहा, रोज विचारतेय.