‘साडी नेसली’ की ‘साडी घातली’? : ‘नेसणे’ या शब्दाचा अर्थ आणि मूळ

मूळ मुद्दा

परवा एका लग्नघरी एक मुलगी मोठ्या कौतुकाने सांगत होती, “मी पहिल्यांदाच नऊवारी घातली.” तिच्या आनंदात मीही सामील झाले, पण ‘घातली’ हा शब्द मनाला टोचत राहिला. सदरा, परकर, चोळी आपण घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो. धोतर, लुगडे, साडी आणि सोवळे मात्र नेसतो. घालायचे वस्त्र शिंप्याने आधीच पुरे केलेले असते. नऊ वार, म्हणजे अठरा हात लुगडे घडीतून निघते तेव्हा ते नुसते कापड असते. कमरेला गाठ मारून, निऱ्या चिमटीत धरून खोचून, कासोटा मागे घट्ट ओढून पदर खांद्यावर घेतला की मगच त्याला आकार येतो. तो आकार नेसणारीच देते आणि रात्री ते सोडले की पुन्हा कापडच उरते. शब्दाचे मूळही याला साजेसे आहे. संस्कृतात ‘वस्’ हे धातू एकाहून अधिक, त्यांतला एक राहण्याचा आणि दुसरा आच्छादनाचा. दुसऱ्यापासून ‘वस्त्र’ आणि ‘वसन’ आले, आणि त्यालाच ‘नि’ जोडून झालेल्या रूपापासून प्राकृतातून आपले ‘नेसणे’ आले. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो का सोडावा?

प्रतिसाद १

व्युत्पत्ती मान्य, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. ‘वस आच्छादने’, म्हणजे ‘वस’ हा झाकण्याच्या अर्थी, एवढेच धातुपाठ ही संस्कृत धातूंची जुनी यादी सांगते. कापड शिवलेले की न शिवलेले, याचा त्यात मागमूस नाही. हा भेद वापराने पडला आहे आणि वापर बदलला की तोही बदलणार. गोव्याच्या कोंकणीत ‘न्हेसण’ हा शब्द एकंदर पेहरावासाठी चालतो, हे याच शब्दकुळाचे उदाहरण पाहा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘वासांसि जीर्णानि’ या श्लोकात ‘वासांसि’ हा शब्द याच धातूचा आहे, तरीही त्याचे मराठी करताना ज्ञानेश्वरांनी 1290 साली “जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे” असे लिहिले. आज वस्त्र ‘वेढले’ असे कोणी म्हणत नाही, आणि त्यामुळे मराठीचे काही अडलेले नाही. शिवाय हल्ली शिवलेली नऊवारी सर्रास मिळते. तिच्या निऱ्या टाके घालून पक्क्या केलेल्या असतात आणि ती विजारीसारखी पायांतून चढवायची असते. त्या मुलीची नऊवारी तशी असेल, तर ‘घातली’ हाच शब्द बरोबर ठरतो.

मूळ मुद्दा मांडणारीचे उत्तर

शिवलेल्या नऊवारीबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण पटले. ती कोणती होती, हे मी विचारायला हवे होते. पण ‘वेढिजे’ हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे अंगाभोवती गुंडाळण्याची कृती शब्दातच दिसते. ‘वेढणे’ मागे पडले तेव्हा तो अर्थ सांभाळायला ‘नेसणे’ होते. ‘नेसणे’ गेले तर ‘घालणे’ ते काम करणार नाही.

प्रतिसाद २

‘तिने साडी घातली’ असे म्हणताना क्रियापद साडीच्या मागे जाते, म्हणजे साडीच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, तर ‘ती साडी नेसली’ असे म्हणताना कर्म असूनही ते नेसणारीच्या मागे जाते. म्हणूनच ‘तो धोतर नेसला’ म्हणायचे, ‘त्याने धोतर नेसले’ नव्हे. अलीकडे ‘तिने साडी नेसली’ असे सर्रास ऐकू येते. मला ‘घातली’पेक्षा हीच चूक अधिक गंभीर वाटते, कारण यात शब्द टिकतो पण त्याची चाल हरवते. नेसणारीला वाक्यात मिळणारा हा मान मला तरी मोलाचा वाटतो.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर

‘ती साडी नेसली’ हेच शुद्ध, यात वाद नाही. मात्र ‘ती दूध प्यायली’ आणि ‘ती गाणे शिकली’ यांतही क्रियापद कर्त्यामागेच जाते, आणि तिथे वस्त्राचा संबंध नाही. त्यामुळे ही चाल ‘नेसणे’ जुने असल्याची खूण म्हणता येईल, नेसणारीच्या मानाची नव्हे. सहावारी निऱ्या काढून नेसलेली असूनही कोणी ‘घातली’ म्हणाले, तर मी स्वतः ‘नेसले’ म्हणेन, पण समोरच्याला चुकीचे ठरवणार नाही.